रानबिब्बा

आमच्या गावी जुळत आलेलं काम कुणी मोडलं, की म्हणतात, "त्यानं बिब्बा घातलान." लग्न मोडो, वाटणी अडो, पाखाडीचं काम थांबो, शब्द हाच. शहरातही हा वाक्प्रचार चालतो, पण बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी बिब्बा पाहिलेला नसतो. दारावर लिंबू-मिरचीबरोबर दोऱ्यात ओवलेलं काळं बी तेवढं पाहिलेलं असतं. मी बिब्बा लहानपणी अंगावर घेतला आणि पन्नाशीत घरात. त्यामुळे हा शब्द मला सहज वापरता येत नाही.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. वाडीच्या मागं आमचा डोंगर आहे. डोंगर म्हणजे काही फार नाही, पंधरा-सोळा एकर. खाली थोडी वरकस, वर रान, मधून एक पऱ्या. पावसाळ्यात इथं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दिवाळीनंतर एक थेंब नसतो. तरी पऱ्याच्या दोन्ही काठांनी जे रान आहे ते उन्हाळ्यातही हिरवंगार असतं. त्या रानात आमच्या आजोबांच्याही आधीपासूनचे तीन रानबिब्बे आहेत.

मी दहा वर्षांचा असेन. माघ महिना होता. भाजावळीसाठी कवळ तोडायला बाबा आणि काका डोंगरावर गेले होते आणि आम्ही पोरं मागून. ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या खाली पडत होत्या, आम्ही त्या ओढून ढीग करत होतो. दुपारी दमून मी पऱ्याकडे गेलो. तिथं एका मोठ्या झाडाची कोवळी फांदी हाताशी आली होती. पानं लांब, टोकाकडे रुंद, फांदीच्या शेंड्याला झुपका केल्यासारखी. मी ती मोडली, माश्या वारायला घेतली आणि घाम आला तसा तोच हात तोंडावरून फिरवला. पाण्यासारखा पातळ चीक हाताला लागला होता. थोड्या वेळानं तिथं काळा डाग पडला. मला वाटलं, कोळसा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. तोंड सुजून भाकरीसारखं झालं होतं, मनगटावर पाण्यानं भरलेले फोड आले होते आणि खाज अशी की रडायलाही सुचेना. आई घाबरली. आत्ये माजघरातून आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाली, "बिब्बा उतलाय. मरत नाय. पण मुळावर आलेल्या पोराला डोंगरावर सोडतंच कोण?" शेवटचं वाक्य आईला होतं. मग तिनंच खोबरेल तेल चोपडलं, आठवडाभर उन्हात जाऊ दिलं नाही, रोज फोड पाहिले. एकदाही गोड शब्द बोलली नाही आणि एकदाही चुकली नाही.

बरा झाल्यावर मी बाबांना विचारलं, ते झाड तोडून का टाकत नाही? बाबा म्हणाले, "कोण तोडील? ज्याच्या अंगावर उततो तो जात नाय, ज्याच्या अंगावर उतत नाय त्याला तोडायची गरज नाय." मग त्यांनी मला ते झाड लांबून ओळखायला शिकवलं. पानाच्या देठाला दोन बारीक टोचे असतात. खोडावर काळे ओघळ असतात, पाटी पुसल्यावर उरतात तसे. पावसात त्या झाडाखाली उभं राहायचं नाही. एवढं पाळलं की झालं. आमच्या घरात पुढं कुणाला रानबिब्बा उतला नाही.

या झाडाचं कूळ पुढं वाचनात आलं तेव्हा गंमत वाटली. रानबिब्बा हा सदाहरित रानातला, पश्चिम घाटातला. शास्त्रात त्याला होलिगार्ना म्हणतात, तेही कानडी नावावरून घेतलेलं. औषधाचा बिब्बा वेगळा, तो जरा कोरड्या रानात वाढतो. पण दोघे एकाच कुळातले, आणि त्याच कुळात आपला आंबा आणि काजूही. चारोळीसुद्धा त्यातलीच. या कुळाला आपण काजूचं कूळ म्हणतो, पण 'अॅनाकार्डियम' हे नाव युरोपातल्या जुन्या औषधवाल्यांनी आधी बिब्ब्याला दिलेलं होतं. पोर्तुगीजांनी काजू ब्राझीलहून आपल्याकडे आणला. वनस्पतिशास्त्रात पुढं ते नाव काजूकडे गेलं, काजूवरून कुळाचं नाव पडलं, आणि मूळ धनी बाजूला राहिला.

दाहक चीक हे या सगळ्या घराण्याचंच लक्षण आहे. हापूस काढताना घळीत देठासकट का काढतात, तर देठ मोडला की चिकाची चिळकांडी उडते, फळावर डाग पडतो आणि माणसाच्या कातडीवरही. आंबा खाऊन ओठ उततात ते त्या चिकानंच. काजूच्या टरफलातलं तेल बोटं सोलून काढतं. काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत तर कळेल. जपानी लाखेची भांडी ज्या झाडाच्या चिकातून होतात ते झाडही याच कुळातलं आणि तेही असंच उततं. आंब्याला आपण राजा म्हणतो, काजूची बर्फी देवापुढं ठेवतो आणि बिब्ब्याला दारावर टांगतो. चीक मात्र थोड्याफार फरकानं तोच.

आणखी एक गोष्ट अशी, की हा चीक आपल्याला जाळतो त्यात निम्मं काम आपल्याच शरीराचं असतं. पहिल्यांदा लागला की पुष्कळदा काहीच होत नाही, शरीर नुसती ओळख करून घेतं. पुढच्या वेळी लागला की तेच शरीर शत्रू आला म्हणून उठतं आणि आपलीच कातडी सोलून काढतं. काहींना कधीच काही होत नाही. म्हणजे झाड वाईट की माणूस हळवा, हा प्रश्न झाडाकडे पाहून सुटत नाही.

आता आत्येकडे येतो.

आत्ये बाबांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिला मूल नव्हतं. तिची जीभ सगळ्या वाडीला ठाऊक होती. माझ्या आईचं पहिलं मूल सहा दिवसांचं असताना गेलं. त्यावर आत्येनं आईला पांढऱ्या पायाची म्हटलं आणि पुढं पंचवीस वर्षं, जरा काही बिनसलं की तेच म्हटलं. आई चुलीपुढं बसून ऐकायची. मी हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मी मोठा झाल्यावरही तिला कधी थांबवलं नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे.

आणि हीच आत्ये पायात काटा मोडला की बिब्बा सुईवर धरून, दिव्यावर गरम करून अचूक चटका द्यायची. तिच्या पत्र्याच्या डब्यात बिब्बे असत. कितीचा चटका, कुठं, कुणाला द्यायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. लहान मुलाच्या आणि गरोदर बाईच्या अंगाला ती बिब्बा लावत नसे. संस्कृतात बिब्ब्याला भल्लातक म्हणतात, आणि दुसरं नाव आहे अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा. तरी चरकसंहितेत रसायनांच्या प्रकरणात त्याचे प्रयोग दिलेले आहेत. आधी शुद्धी, मग मात्रा. वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळवून त्याचं तेल कमी करतात, तेव्हा कुठं औषधात घालतात. आत्येला हे सगळं बिब्ब्याच्या बाबतीत कळत होतं. जिभेच्या बाबतीत नव्हतं, किंवा तिला ते करायचं नव्हतं.

आजोबा 1974 साली वारले. सातबारावर बाबांची, काकांची आणि तिन्ही बहिणींची नावं लागली. 1956 च्या वारसा कायद्यानं मुलींचाही वाटा होताच. दोघी धाकट्या आत्यांनी साडी-चोळी घेऊन हक्कसोड करून दिलं, तशी रीतच होती. मोठ्या आत्येनं दिलं नाही. "मी हितंच मरणार. माजा नाव राहू दे." एवढंच म्हणाली. त्याचा तेव्हा कुणाला त्रास नव्हता, कारण डोंगराला किंमत नव्हती.

1998 मध्ये कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि हळूहळू डोंगरांना किंमत आली. 2007 साली एक दलाल आमच्याकडे आला. घेणारी पार्टी बाहेरची होती. रक्कम आम्ही कुणी जन्मात पाहिलेली नव्हती. त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाला हृदयाचा त्रास निघाला. डॉक्टरांनी बायपास सांगितली. मी मुंबईत कारकून, काकांची मुलं मुंबईतच छोट्या नोकरीत. सगळे तयार झालो. बाबा तेव्हा नव्हते. काकांनी सही केली, आम्ही भावांनी केली. घेणाऱ्याला सगळ्या नावांचा होकार हवा होता. राहिला आत्येचा अंगठा.

ती पडवीत बसली होती. मी कागद पुढं केला. भावाचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाय."

"आत्ये, तो मरेल."

"डोंगर विकून माणूस वाचत नाय. पैसा दुसरीकडून आण. डोंगर काय माजा एकटीचा नाय, पण माज्या अंगठ्याबिगर तुमचापण नाय."

मी तिला त्या दिवशी जे बोललो ते इथं लिहीत नाही. पडवीतून उतरताना काका म्हणाले, "घातलान बिब्बा."

आम्ही कर्ज काढलं. आईच्या पाटल्या गेल्या. भाऊ वाचला, पण ते कर्ज सहा वर्षं पुरलं आणि तेवढ्यात त्याच्या मुलाचं शिक्षण मधेच राहिलं. आत्येनं त्या काळात एक रुपया दिला नाही. तिच्याजवळही फार काही नव्हतं. पण एक शब्दही दिला नाही, हे मला जास्त लागलं.

दलाल मग शेजारच्या डोंगराकडे वळला. तो विकला गेला. आपल्या जिल्ह्यातलं बहुतेक रान खासगी मालकीचं. परवानगीचा कागद झाला की करवत फिरायला अडचण पडत नाही. दोन हंगामांत डोंगर उघडा पडला. आधी गेले रायवळ आंबे. त्या डोंगरावर आठ-दहा तरी असे होते की दोन माणसांच्या कवेत मावत नसत. त्यांचे आंबे आम्ही लहानपणी चोखलेले. सोपं लाकूड, सरळ खोड, पेट्यांना गिऱ्हाईक तयार. मग ऐन, किंजळ, जांभूळ. शेवटी उघड्या उतारावर ठिकठिकाणी काय उभं राहिलं, तर रानबिब्बे. तोडणाऱ्या माणसांनी त्यांना हात लावायचं नाकारलं होतं. मजुरी तीच, मग अंग कशाला उतवून घ्यायचं?

मी ते दृश्य पाहिलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की जगात टिकायचं तर चावलं पाहिजे. फळ देणारा, सावली देणारा गेला आणि उतणारा राहिला. हा विचार मी बरेच दिवस बाळगून होतो. लोकांनाही सांगत होतो, आणि लोकांना तो पटायचा. आत्येची बाजूही त्यात आपोआप बसत होती. ती चावरी होती म्हणून आमचा डोंगर राहिला. शेजारच्या पऱ्याला आता शिमग्यानंतर पाणी नसतं. आमच्या पऱ्याच्या डबक्यातून अजून वैशाखातही वाडीच्या बायका हंडे भरतात. हे खोटं कसं म्हणणार?

पण पुढं त्या उघड्या डोंगरावर मी दरवर्षी जात राहिलो, आणि माझा तो विचार टिकला नाही. एक तर ते रानबिब्बे फार दिवस नीट राहिले नाहीत. ते दाट रानात, पाण्याच्या काठाला वाढलेले. भोवतालची सावली गेली, माती धुपली. एक वादळात उन्मळला, दुसऱ्याचा शेंडा वाळला. चावून त्यानं स्वतःला वाचवलं, पण रान वाचवलं नाही, आणि रान गेल्यावर तोही फार काळ वाचला नाही. दुसरं असं, की रानबिब्ब्याला आपण कुणाला जाळतो हे माहीत नसतं. त्याच्या चिकात राग नाही. मी फांदी मोडली नसती तर त्यानं मला काही केलं नसतं. आत्येचं तसं नव्हतं. आईनं तिची कुठलीही फांदी मोडली नव्हती. सहा दिवसांचं मूल गेलेल्या बाईला पांढऱ्या पायाची म्हणणं आणि डोंगरासाठी अंगठा न देणं, या दोन गोष्टी एकाच तोंडातून आल्या म्हणून त्या एक होत नाहीत. माणसाला झाड म्हणून सोडून देणं हा त्याचा मान नाही. त्यात आपलीच सोय असते, मग हिशेब मागावा लागत नाही.

आत्ये 2014 मध्ये गेली. तिच्या बाराव्यानंतर मी आईला विचारलं. आई तेव्हा ऐंशीच्या पुढं होती, निवडायला घेतलेले तांदूळ तिच्या सुपात होते. मी म्हटलं, "आई, शेवटी डोंगर तिच्यामुळंच राहिला. आता तरी तुझ्या मनातून गेलं का?"

आई म्हणाली, "डोंगर राखलान तो राखलान. त्याचा तिला पुण्य. मला बोलली ती बोलली. त्याचा तिला पाप. तू एकात दुसरा घालू नको."

आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी इतकी वर्षं जे एकमेकांत मिसळून पाहत होतो, ते तिनं खडे आणि तांदूळ वेगळे करावेत तसं केलं. तिनं माफ केलं नव्हतं. पण आत्येचं चांगलं तिनं नाकारलंही नव्हतं. आपण बहुतेक वेळा यातलं एकच करतो. माणूस उपयोगी ठरला की त्यानं केलेल्या जखमा लहान करून सांगतो, नाहीतर जखमा मोजताना त्यानं राखलेलं पाणी विसरतो.

हा हिशेब आता माझ्यावर आला आहे. आत्येला मूल नव्हतं, त्यामुळे बापाकडून आलेला तिचा वाटा कायद्यानं पुन्हा बापाच्याच वारसांकडे, म्हणजे आमच्याकडे आला. मी निवृत्त होऊन गावी राहतो. गेल्या वर्षी पुन्हा एक गिऱ्हाईक आलं. या वेळी सगळ्यात जास्त घाई माझ्या पुतण्याला आहे, त्याच भावाच्या मुलाला, ज्याचं शिक्षण तेव्हा मधे राहिलं. त्याला विरारला खोली घ्यायची आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तो म्हणाला, "काका, तेव्हा आत्येआजीनं अडवलं आणि माझी वर्षं गेली. आता तुम्ही अडवताय. या पऱ्याचं पाणी वाडी पिते, त्याचे पैसे मात्र आम्हीच का भरायचे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. पाणी सगळ्या वाडीचं आणि त्याग एका घराचा, हे न्यायाचं नाही हे मलाही कळतं. तरी मी सही केली नाही. सुरुवातीला मी गोड बोलून टाळत होतो. बघू, पुढच्या वर्षी बघू, असं. तीन वेळा तसं केल्यावर लक्षात आलं, की माझा गोड नकार हा नकार नव्हताच, त्याला वाटत होतं काका हळूहळू तयार होतील. ती लबाडी होती. मग त्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, की मी जिवंत असेपर्यंत पऱ्याच्या दोन्ही काठांचं रान विकायला सही देणार नाही. खालची वरकस, रस्त्याकडची, विकायला माझी हरकत नाही, आणि तिच्यातला माझा वाटा त्यानं खोलीसाठी घ्यावा. माझ्या फंडातले थोडे पैसे आहेत तेही देईन. ते पुरणार नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं.

तो काही बोलला नाही. उठून गेला. गणपतीत घरी आला, आरतीला उभा राहिला, आईच्या पाया पडला. माझ्याशी बोलला नाही. वाडीत कुणीतरी म्हणालंच असेल, म्हाताऱ्यानं बिब्बा घातलान.

त्याला भाजलं आहे हे मी नाकारत नाही. पाणी राहिलं म्हणून त्याचा राग खोटा ठरत नाही, आणि मी तो खोटा ठरवायला जाणार नाही. मला एवढंच सांभाळायचं आहे, की नकार डोंगरापुरता राहावा. त्याच्या नोकरीवर, बायकोवर, बापाच्या दुखण्यावर तो सांडू नये. आत्येला ते जमलं नाही. मला जमतंय की नाही हे मी सांगून उपयोग नाही, ते पुढं कधीतरी त्यानंच सांगायचं आहे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो मुंबईला जायच्या आधी एकटाच डोंगरावर गेला होता. परत आला तेव्हा त्याचा धाकटा मुलगा त्याला विचारत होता, "बाबा, त्या झाडाला हात का नाही लावायचा?" तो पायरीवर बसून त्याला पानाच्या देठाचे दोन टोचे कसे ओळखायचे ते सांगत होता. मी आत होतो. बाहेर गेलो नाही.